शिशाच्या टकरीत जेट शोधायचा कसा?

लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे एलएचसीमध्ये, बहुतेक दिवस प्रोटॉनवर प्रोटॉन आदळत असतात. ज्या वर्षी कार्यक्रम असेल त्या वर्षी साधारण महिनाभर मात्र तिथे शिशाची अणुकेंद्रकं फिरवली जातात. शिशाच्या एका केंद्रकात २०८ प्रोटॉन-न्यूट्रॉन असतात. अशी दोन केंद्रकं समोरासमोर धडकली की क्षणभर इतकी उष्णता तयार होते की प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळतात आणि आतले क्वार्क-ग्लुऑन मोकळे होतात. हाच तो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा. त्यासाठी साधारण पावणेदोन लाख कोटी केल्विन तापमान लागतं, आणि तो टिकतो १० च्या उणे २३ व्या घाताच्या काही पट सेकंद.

आता एवढ्याशा वेळात त्याच्यात थर्मामीटर कोण घालणार? बाहेरून काही आत सोडायला वेळच नाही. म्हणून त्याच टकरीत जन्मलेली एखादी गोष्ट वापरायची, जी प्लाझ्मातून पार होऊन आपल्यापर्यंत येईल आणि वाटेत काय झालं ते सांगेल. ही कल्पना जेम्स ब्योर्केन यांनी १९८२ मध्ये फर्मीलॅबच्या एका टिपणात मांडली: प्लाझ्मातून जाणारा वेगवान क्वार्क किंवा ग्लुऑन ऊर्जा गमावेल, आणि त्यामुळे जेट विझल्यासारखे होतील. आज याला जेट क्वेंचिंग म्हणतात.

सेमिनारमध्ये हे चित्र फार सोपं दिसतं. एक बाण प्लाझ्मात शिरतो, दुसऱ्या बाजूने बारीक होऊन बाहेर येतो. पण डिटेक्टरमध्ये बाण नसतो. तिथे असतात हजारो कण, आणि त्यांतले कोणते जेटचे हे कुणीही लिहून ठेवलेलं नसतं. बाण बारीक झाला असं म्हणण्याआधी बाण कशाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. या लेखात ते ठरवणं पायरीपायरीने बघूया. हेवी-आयनमध्ये संशोधन करायचं मनात असेल, तर वर्षभर तुम्ही ज्याच्याशी झगडणार आहात ते बरंचसं हेच आहे.

जेट म्हणजे नेमकं काय?

दोन प्रोटॉनांमधले दोन क्वार्क जोरात एकमेकांवर आपटले की ते बीमच्या आडव्या दिशेने उडतात. पण क्वार्क एकटा कधीच बाहेर दिसत नाही. तो जाता जाता ग्लुऑन सोडतो, त्यांतून आणखी जोड्या तयार होतात, आणि शेवटी पायॉन, केऑन, प्रोटॉन अशा कणांचा एक झोत साधारण एकाच दिशेने बाहेर पडतो. हा झोत म्हणजे जेट. १९७५ मध्ये स्लॅक प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींत असे दोन झोत असल्याचा पुरावा मिळाला. १९७९ मध्ये हॅम्बुर्गच्या डेसी प्रयोगशाळेत तीन झोतांच्या घटना दिसल्या आणि तिसरा झोत ग्लुऑनचा आहे हे लक्षात आलं.

"साधारण एकाच दिशेने" हे शब्द मात्र मोजमापाला पुरत नाहीत. झोताच्या कडेला असलेला कण आत धरायचा की बाहेर? दोन झोत जवळजवळ असतील तर ते एक की दोन? याचं उत्तर निसर्गात दडलेलं नाही. ते अल्गोरिदमने द्यायचं असतं. एकच टक्कर दोन वेगळ्या अल्गोरिदमना दिली तर जेटची संख्या वेगळी येऊ शकते, आणि दोन्ही उत्तरं आपापल्या व्याख्येप्रमाणे बरोबर असतात.

मग कुठलीही व्याख्या चालेल का? नाही. दोन अटी आहेत. जवळजवळ शून्य ऊर्जेचा एखादा कण घटनेत वाढवला तर जेट बदलता कामा नयेत. आणि एका कणाचे त्याच दिशेने जाणारे दोन तुकडे केले तरी जेट बदलता कामा नयेत. कारण क्वांटम क्रोमोडायनॅमिक्समध्ये या दोन्ही गोष्टी घडण्याची शक्यता काढायला गेलं तर उत्तर अनंत येतं. ही अनंतं एकमेकांना कापतात, पण जेटची व्याख्या या दोन अटी पाळत असेल तरच. स्टर्मन आणि वाइनबर्ग यांनी १९७७ मध्ये अशी पहिली व्याख्या दिली. या अटी मोडल्या तर तुमच्या मोजमापाशी ताडून बघायला सिद्धांताकडे आकडाच उरत नाही.

अँटी-केटी: मोठ्याभोवती लहान

आज एलएचसीवर जवळपास सगळीकडे जो अल्गोरिदम वापरतात तो अँटी-केटी. काचियारी, सालाम आणि सोयेझ या तिघांनी तो २००८ मध्ये दिला. तो समजायला दोनच गोष्टी हव्यात. एक, प्रत्येक कणाचा बीमच्या आडव्या दिशेतला संवेग. याला आपण पीटी म्हणू. दुसरी, दोन कणांमधलं अंतर. हे डिटेक्टरच्या नळकांड्याची भिंत उलगडून सपाट केली तर तिच्यावरचं अंतर समजा. सोयीसाठी संवेग आणि ऊर्जा दोन्ही जीईव्हीमध्ये मोजू.

नियम असा. कणांच्या प्रत्येक जोडीसाठी एक आकडा काढायचा: दोघांतला मोठा पीटी घ्या, त्याच्या वर्गाने १ ला भागा, मग त्याला अंतराच्या वर्गाने गुणा आणि आर या ठरलेल्या त्रिज्येच्या वर्गाने भागा. शिवाय प्रत्येक एकट्या कणासाठी १ भागिले त्याच्या पीटीचा वर्ग असा आकडा काढायचा. सगळ्यांत लहान आकडा जोडीचा असेल तर त्या दोघांना एकत्र करायचं. एकट्याचा असेल तर तो जेट झाला असं जाहीर करून बाजूला काढायचं. कण संपेपर्यंत हेच.

हातानेच करून बघा. आर ०.४ धरा. 'क' हा ३० जीईव्हीचा कण. 'ख' हा १ जीईव्हीचा, 'क' पासून ०.२ अंतरावर. 'ग' हाही १ जीईव्हीचा, 'क' पासून ०.३ वर आणि 'ख' पासून फक्त ०.१ वर. 'ख' आणि 'ग' एकमेकांना सगळ्यांत जवळ आहेत, पण त्यांच्या जोडीचा आकडा येतो १/१६. 'क' आणि 'ख' यांचा येतो १/३६००. म्हणजे 'ख' शेजारच्या 'ग' ला सोडून आधी 'क' ला चिकटतो. मग 'ग' ही त्यांना येऊन मिळतो. जोरदार कण केंद्रस्थानी बसतो आणि आसपासचे बारीक कण त्याच्याकडे गोळा होतात. म्हणून अँटी-केटीचे एकटे असलेले जेट जवळजवळ वाटोळे निघतात. जुन्या केटी अल्गोरिदममध्ये पीटी उलटा न करता तसाच वापरतात. तिथे 'ख' आणि 'ग' आधी जुळले असते, आणि जेटचे आकार वेडेवाकडे होतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे केटीचाही उपयोग आहे.

गर्दी किती?

प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत इथवर आलं की बरंचसं काम झालं. शिशात इथून सुरुवात होते.

ॲलिस प्रयोगाने २०१० च्या २.७६ टीईव्हीच्या टकरींत मोजलं, की अगदी समोरासमोरच्या ५ टक्के टकरींत मध्यभागी, स्यूडोरॅपिडिटीच्या एका एककात, सुमारे १६०० भारित कण असतात. आपल्या जेटमध्ये कण असतात मोजके. शिवाय अल्गोरिदमला जेटचे कण आणि प्लाझ्मातून आलेले कण यांतला फरक कळत नाही. आर ०.४ च्या वर्तुळात जे येईल ते सगळं तो गोळा करतो.

किती गोळा करतो? ॲलिसने फक्त भारित कण धरून, समोरासमोरच्या १० टक्के टकरींसाठी, बॅकग्राउंडची सरासरी घनता काढली. ती एकक क्षेत्रफळाला सुमारे १३८ जीईव्ही आली. आर ०.४ च्या वर्तुळाचं क्षेत्रफळ साधारण ०.५. म्हणजे जेट असो वा नसो, वर्तुळात सरासरी ६९ जीईव्ही आधीच बसलेले. तुम्हाला ४० जीईव्हीचा जेट मोजायचा असेल तर काट्यावर दिसतील १०९. आर ०.२ घेतला तर क्षेत्रफळ चौपट कमी होतं आणि बॅकग्राउंड १७ वर येतं. मग लहान वर्तुळच का नाही वापरायचं? कारण प्लाझ्माने जेटमधली जी ऊर्जा आजूबाजूला पसरवली, ती लहान वर्तुळाबाहेर जाते, आणि आपल्याला तर तिचाच शोध आहे.

बारदान वजा करणं

मार्केट यार्डात धान्याचं पोतं काट्यावर ठेवलं की भरलेल्या वजनातून बारदान वजा करतात. इथेही तेच करायचं आहे, फक्त आपलं बारदान धान्याहून जड आहे, आणि रिकामं पोतं वेगळं काढून वजन करता येत नाही.

म्हणून त्याच टकरीतल्या बाकीच्या जागेवरून अंदाज घेतात. काचियारी आणि सालाम यांची पद्धत अशी: संपूर्ण घटनेवर केटी अल्गोरिदम चालवा. तो सगळी जागा लहानमोठ्या तुकड्यांत वाटून टाकतो. त्यांतले बहुतेक तुकडे निव्वळ बॅकग्राउंडचे. प्रत्येकाचा पीटी भागिले क्षेत्रफळ काढा आणि या आकड्यांचा मध्यक घ्या. ही घनता म्हणजे रो. मग जेटच्या पीटीतून रो गुणिले जेटचं क्षेत्रफळ वजा करा.

सरासरी का नाही, मध्यकच का? समजा पाच तुकड्यांच्या घनता १३२, १३५, १३८, १४१ आणि २६० आहेत. शेवटच्यात खरा जेट बसला आहे. सरासरी येते सुमारे १६१, मध्यक १३८. सरासरी वापरली तर ०.५ क्षेत्रफळाच्या जेटमधून ११-१२ जीईव्ही जास्तीचे वजा होतील. म्हणजे जेटनेच स्वतःचं बारदान वाढवलं आणि स्वतःच हलका झाला. असा जेट बघून कुणी "प्लाझ्माने ऊर्जा खाल्ली" म्हणाला, तर ती ऊर्जा प्लाझ्माने नाही, आपल्या वजाबाकीने खाल्ली असेल. प्रत्यक्षात सगळ्यांत मोठे एक-दोन तुकडे मध्यक काढताना बाजूलाच ठेवतात.

आणि जेटचं क्षेत्रफळ कसं मोजायचं? सगळ्या जागेवर जवळजवळ शून्य ऊर्जेचे हजारो खोटे कण सारखे पसरायचे आणि किती जण कोणत्या जेटमध्ये गेले ते मोजायचं. यांना घोस्ट म्हणतात. घोस्ट टाकल्याने जेट बदलत नाहीत, कारण आपला अल्गोरिदम वरची पहिली अट पाळतो. सिद्धांतासाठी घातलेली अट इथे रोजच्या कामात उपयोगी पडते.

आणखी एक गुंता आहे. दोन केंद्रकं जराशी बाजूने आदळली तर त्यांचा सामायिक भाग बदामासारखा असतो, आणि त्यातून निघणारे कण सगळ्या दिशांना सारखे जात नाहीत. म्हणजे बारदानही दिशेप्रमाणे बदलतं. एकच रो सगळीकडे वापरला तर काही दिशांचे जेट फुगतात, काहींचे आक्रसतात. त्याच बदामात जेटला कापावं लागणारं अंतरही दिशेप्रमाणे बदलतं, त्यामुळे खरा परिणाम आणि वजाबाकीतली चूक एकाच रूपात समोर येतात. म्हणून अनेक विश्लेषणांत रो कोनाप्रमाणे बदलता ठेवतात.

सरासरी गेली, चढउतार उरला

सरासरी बारदान वजा केलं. पण प्रत्येक पोतं सारखं नसतं. तो चढउतार किती, हे मोजायची सोपी युक्ती म्हणजे घटनेत कुठेही डोळे मिटून आर ०.४ चं वर्तुळ टाकायचं, आतला पीटी मोजायचा आणि रो गुणिले क्षेत्रफळ वजा करायचं. उत्तर शून्य यायला हवं. हजारो वेळा केलं की शून्याभोवती एक पसरट डोंगर मिळतो. ॲलिसने २०१२ मध्ये त्याची रुंदी दिली: प्रमाण विचलन ११.० जीईव्ही. खऱ्या घटनांत नकली जेट मिसळून पाहिलं तेव्हा ११.३. आणि डोंगराची उजवी शेपटी सामान्य वितरणापेक्षा लांब.

४० च्या जेटला ११ ची चूक म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण जेटची संख्या पीटीबरोबर फार वेगाने घसरते. हिशेबापुरतं समजा ती पीटीच्या सहाव्या घाताने घसरते. मग २० जीईव्हीचे जेट ४० वाल्यांच्या ६४ पट आहेत. २० वाल्याला ४० वर चढायला २० चा धक्का हवा, म्हणजे १.८ विचलनांचा. असा धक्का शून्य धक्क्याच्या सुमारे ०.१९ पट वेळा मिळतो. ६४ गुणिले ०.१९ म्हणजे १२. वजाबाकीनंतर ४० वर दिसणाऱ्या जेटमध्ये, मुळात २० असलेले जेट मुळात ४० असलेल्यांच्या सुमारे १२ पट! प्रत्यक्षात कमी पीटीला उतार इतका तीव्र नसतो, पण दिशा हीच. आणि यात मुळात जेटच नसलेल्या, निव्वळ गर्दीतून जुळून आलेल्या गोळ्यांची भर पडते, ती वेगळी.

यावर सरळ उपाय सुचतो: बारीक कण वगळा. ॲलिसच्याच कामात कणांची किमान मर्यादा ०.१५ वरून २ जीईव्हीवर नेली तेव्हा विचलन ५ च्या आसपास आलं. निम्म्याहून कमी! पण याची किंमत बघा. प्लाझ्मातून जाताना जेटची ऊर्जा बारीक कणांत वाटली जाते असं आपल्याला तपासायचं आहे. आणि आपण आधीच बारीक कण फेकून दिले. जो जेट जास्त विझला तो नमुन्यातून जास्त गळाला, आणि उरलेल्यांकडे बघून आपण म्हणणार की जेट फारसे बदलत नाहीत. जेटमध्ये निदान एक तरी ५ जीईव्हीहून जोरदार कण हवा, अशी अटही वापरतात. खोटे जेट त्याने गळतात, आणि तीही खऱ्यांमध्ये थोडी निवड करतेच. अट घालणं गैर नाही. मात्र निकालासोबत ती लिहावी लागते, आणि तुलनेच्या प्रोटॉन-प्रोटॉन डेटाला आणि सिद्धांताच्या गणितालाही तीच लावावी लागते.

दुसरी एक वाट मला स्वतःला फार आवडते. आधी एक जोरदार कण पकडायचा आणि त्याच्या विरुद्ध दिशेला किती जेट आहेत ते मोजायचं. मग हेच कमी जोराच्या कणासाठी करायचं. गर्दीतून जुळलेले खोटे जेट दोन्हीकडे जवळपास सारखेच, कारण त्यांचा त्या कणाशी संबंध नाही. दोन्ही वितरणांची वजाबाकी केली की ते जातात. कुठला जेट खरा, कुठला खोटा हे एकेकाला विचारावंच लागत नाही. ॲलिसने २०१५ मध्ये या पद्धतीने मोजमाप दिलं.

अनफोल्डिंग: गढूळ झालेलं निवळणं

चढउतार एकेका जेटमधून काढता येत नाही. पण सगळ्या जेटचं मिळून वितरण दुरुस्त करता येतं. त्यासाठी सिम्युलेशनमधले जेट, ज्यांचा खरा पीटी आपल्याला माहीत आहे, खऱ्या शिसे-शिसे घटनांमध्ये मिसळतात आणि किती मोजला गेला ते बघतात. यातून एक तक्ता तयार होतो: खरा इतका असेल तर मोजलेला किती येण्याची शक्यता किती. याला रिस्पॉन्स मॅट्रिक्स म्हणतात.

आता हा तक्ता उलटा करायचा. गणितात मॅट्रिक्स उलटी करणं एका ओळीचं काम, पण इथे ते केलं तर मोजमापातले लहानसे सांख्यिकीय हेलकावे प्रचंड मोठे होतात आणि उत्तरात शेजारच्या रकान्यांत एकदा डोंगर, एकदा दरी असं चित्र येतं. म्हणून थोडा लगाम घालतात. डागोस्टिनी यांची बायेझियन पद्धत एका अंदाजापासून सुरू होऊन फेऱ्या घेत सुधारते. थोड्या फेऱ्यांत थांबलात तर सुरुवातीच्या अंदाजाचा रंग राहतो, फार घेतल्यात तर हेलकावे वाढतात. किती फेऱ्यांवर थांबायचं हा निर्णय आपला, आणि त्यातली अनिश्चितता निकालाच्या अनिश्चिततेत धरावी लागते. पद्धत चालते की नाही याची किमान परीक्षा म्हणजे क्लोजर टेस्ट: उत्तर माहीत असलेला नकली डेटा घालून तेच उत्तर परत मिळतं का बघायचं.

अलीकडे बॅकग्राउंडची दुरुस्ती मशीन लर्निंगनेही करतात. विचलन चांगलं कमी होतं. पण मॉडेल शिकलं कशावर? बहुधा न विझलेल्या, प्रोटॉन-प्रोटॉनसारख्या जेटवर. मग विझलेल्या जेटला ते काय म्हणेल, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

२०१० चा प्रश्न

हे सगळं इतकं बारकाईने का करायचं, हे एका खऱ्या उदाहरणातून बघू. नोव्हेंबर २०१० मध्ये एलएचसीवर पहिल्यांदा शिसे आदळलं. काही आठवड्यांतच ॲटलस प्रयोगाने निकाल दिला. एकमेकांविरुद्ध उडणाऱ्या दोन जेटची ऊर्जा साधारण जुळायला हवी. समोरासमोरच्या टकरींत मात्र एक जेट १०० जीईव्हीच्या वर आणि त्याच्या समोरचा खूपच दुबळा, अशा घटना अपेक्षेपेक्षा पुष्कळ जास्त होत्या. ब्योर्केन यांचं १९८२ चं भाकीत जणू डोळ्यांसमोर! सीएमएसलाही तसंच दिसलं.

लगेच पुढच्या वर्षी काचियारी, सालाम आणि सोयेझ, म्हणजे अँटी-केटीचेच जनक, यांनी एक लेख लिहून विचारलं: बॅकग्राउंडच्या चढउताराचा या विषमतेत वाटा किती? एका जेटला वर धक्का बसला, दुसऱ्याला खाली, तर काहीही न विझता विषमता दिसेल. परिणाम खोटा आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की चढउतार नीट मोजल्याशिवाय विझण्याचं प्रमाण आकड्यात सांगता येणार नाही.

उत्तर एका झटक्यात आलं नाही. ते वेगवेगळ्या बाजूंनी आलं. चढउतार डेटामधूनच मोजला गेला, वर दिलेले ११ जीईव्ही त्यातलेच. सीएमएसने जेटच्या बाहेर बघितलं आणि हरवलेला संवेग जेटपासून दूरच्या कोनात, बारीक कणांत सापडला. मग २०१२ मध्ये सीएमएसने फोटॉन आणि जेट अशा जोड्या घेतल्या. फोटॉनला प्लाझ्माचं बंधन जाणवत नाही, तो जवळपास तसाच बाहेर येतो, म्हणून समोरचा जेट मुळात किती होता याचा तो साक्षीदार. तिथेही जेट कमी भरला, आणि जोडीदार जेट न सापडलेल्या फोटॉनांचं प्रमाण वाढलं. प्रत्येक मोजमापाच्या कच्च्या बाजू वेगळ्या. सगळ्यांचा कल एकीकडे आला, तेव्हा विझणं पक्कं झालं.

निकालाचा आकडा वाचताना

शेवटी पेपरमध्ये एक गुणोत्तर येतं: शिशात मिळालेले जेट भागिले, प्रोटॉन टकरींवरून अपेक्षित असलेले जेट. समोरासमोरच्या टकरींत १०० जीईव्हीच्या आसपास ते साधारण निम्मं असतं. "निम्मे जेट विझून गेले" असं कुणी म्हणालं तर थांबवा. पुन्हा तोच सहावा घात घ्या. प्रत्येक जेटने फक्त १० टक्के पीटी गमावला, तर प्रत्येक रकान्यात उरतात ०.९ चा पाचवा घात, म्हणजे ०.५९. एकही जेट नाहीसा झाला नाही, सगळे थोडे खाली सरकले, आणि आकडा ४१ टक्क्यांनी पडला. शिवाय १०० च्या रकान्यात आज जे दिसतात ते कमी गमावलेले, म्हणजे तगून राहिलेले. त्यांच्याकडे बघून सगळ्यांचं सांगायचं असेल तर जपून.

म्हणून जेटवरचा कुठलाही पेपर हातात घेतला की मी आलेखाआधी पाच गोष्टी शोधते. अल्गोरिदम आणि आर कोणता? फक्त भारित कण की सगळे? किमान मर्यादा आणि इतर अटी काय? बॅकग्राउंड कसं काढलं आणि चढउतार कुठून मोजला? अनफोल्डिंग कोणत्या पद्धतीने आणि क्लोजर टेस्ट आहे का? मुलाखतीत कुणी पेपर पुढे ठेवला तरी याच क्रमाने बोला. दोन पेपरांचे निकाल जुळत नसतील तर बऱ्याचदा फरक या पाचांतच सापडतो.

सुरुवात करायला मोठ्या प्रयोगात असण्याची गरज नाही. फास्टजेट आणि पिथिया दोन्ही मोफत आहेत आणि साध्या लॅपटॉपवर चालतात. सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवर सीएमएसचा सुरुवातीच्या वर्षांचा शिसे-शिसे डेटाही आहे. पुढे याच विषयात यायचं असेल तर ॲलिसमध्ये आयआयटी मुंबई आणि कोलकात्याचं व्हीईसीसी, तर सीएमएसमध्ये मुंबईची टीआयएफआर, असे गट आपल्याकडे आहेत.

पण आधी हा सराव करा. पिथियातून एक ४० जीईव्हीचा जेट घ्या. त्याच्याभोवती सगळ्या जागेवर बारीक कण असे शिंपडा की घनता १३८ येईल. अँटी-केटी चालवा, आर ०.४. रो काढून वजा करा. हजार वेळा करून हिस्टोग्राम काढा आणि त्याची रुंदी ११ शी ताडून बघा. तुमचे कण एकमेकांशी संबंध न ठेवता शिंपडलेले आहेत, खऱ्या टकरीतले तसे नसतात. दोन रुंदींत जो फरक येईल, त्याची कारणं शोधत बसा. तिथे खरा विषय सुरू होतो.